पुढे १५, मागे २६

१९५९ च्या अखेरीस अमेरिकेत शेव्हरोलेची कॉर्व्हेअर ही गाडी बाजारात आली. तिच्या मालकपुस्तिकेत टायरच्या हवेचे दोन आकडे होते: पुढच्या टायरांत १५ पाउंड आणि मागच्यांत २६. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या माणसाला हे वाचून छापण्यात काही चूक झाली असावी असंच वाटलं असेल. चारही चाकांत साधारण सारखी हवा भरायची, हे त्याच्या हाताला पडलेलं वळण. तो तशी भरायचा, मालकही काही बोलत नसे आणि गाडीचा स्वभाव तिथल्या तिथे बदलायचा.

कॉर्व्हेअरचं सहा सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन मागे होतं. वजनाचा ६० टक्क्यांहून जास्त वाटा मागच्या चाकांवर. मागचं सस्पेन्शन स्विंग अ‍ॅक्सल पद्धतीचं, म्हणजे अर्धा अ‍ॅक्सल फक्त डिफरन्शियलपाशी सांध्यावर हलणार, चाकाच्या बाजूला सांधा नाही. जोरात वळण घेताना मागचा भाग वर उचलला गेला की बाहेरच्या बाजूचं चाक पोटाखाली दुमडायचं, टायर कडेवर उभा राहायचा आणि पकड एकदम सुटायची. पुढच्या बाजूला गाडीचं झुकणं रोखणारा अँटी-रोल बार दिला असता तर हा धोका पुष्कळ कमी झाला असता. खर्च वाचवण्यासाठी तो वगळला गेला आणि त्याचं काम पुढच्या टायरातल्या कमी हवेवर सोपवलं गेलं. हवा कमी असलेला टायर वळणात जास्त तिरपा सरकतो. पुढची चाकं आधी थकली की मागची शाबूत राहतात, असा तो हिशेब. हिशेब चुकलेला नव्हता, पण तो बरोबर ठेवायची जबाबदारी हवा भरणाऱ्या पोरावर टाकलेली होती आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ १९६५ मध्ये आलं आणि त्याचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर होतं. तोवर कंपनीनं १९६४ च्या मॉडेलला पुढे बार आणि मागे आडवा पाटा बसवला होता आणि १९६५ च्या गाडीचं मागचं सस्पेन्शन पूर्ण बदललं होतं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या वाहतूक सुरक्षा खात्यानं १९६३ च्या गाडीच्या चाचण्यांवरून निष्कर्ष काढला, की ती तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा वेगळी धोकादायक नव्हती. मला या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत. गाडी इतरांएवढी चांगली असू शकते आणि तरीही तिचा तोल टायरच्या नळीतल्या दहा-अकरा पाउंडांवर टांगलेला असू शकतो.

गाडीचं सस्पेन्शन जुळवून तिचा तोल साधणं, हा या लेखाचा विषय. तोल म्हणजे वळणात पुढची चाकं आधी हार मानतात की मागची, हा प्रश्न. पुढची आधी सुटली तर स्टिअरिंग फिरवलेलं असूनही गाडी वळणाबाहेर ओढत राहते. तो अंडरस्टीअर. मागची आधी सुटली तर गाडी मागून फेकते, तोंड वळणाच्या आत जातं आणि शेपूट पुढे यायला बघते. तो ओव्हरस्टीअर. घाटात गाडी चालवणाऱ्याला ही नावं माहीत नसली तरी हे दोन्ही अनुभव माहीत असतात.

हे शब्द मॉरिस ऑली यांच्या नावावर आहेत. ऑली इंग्रज अभियंते. रोल्स-रॉइसमध्ये काम करून ते १९३० मध्ये डेट्रॉइटला कॅडिलॅककडे आले. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन द्यायचं काम त्यांच्याकडे होतं आणि १९३४ च्या मॉडेलांत ते दिसू लागलं. या कामातच त्यांच्या ध्यानात आलं, की गाडी कशी वळते हे स्टिअरिंगच्या जोडणीइतकंच टायर आणि स्प्रिंगवर ठरतं. त्याआधी १९२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॉर्ज ब्रूले यांनी एक साधी पण फार मोलाची गोष्ट मांडली होती: वळणारा टायर ज्या दिशेला तोंड करून असतो त्याच दिशेला तो जात नाही. त्या दोन दिशांमध्ये थोडा कोन राहतो. याला स्लिप अँगल म्हणतात. टायर घसरतो म्हणून हा कोन पडत नाही. रबर आणि कापड रस्त्यावर पिळलं जातं म्हणून पडतो, आणि त्या पिळातूनच बाजूचा जोर निर्माण होतो. पुढच्या टायरांचा कोन मागच्यांपेक्षा मोठा असेल तर अंडरस्टीअर, मागच्यांचा मोठा असेल तर ओव्हरस्टीअर. सगळं शास्त्र या एका तुलनेवर उभं आहे.

या तुलनेला पक्कं गणित मिळायला विमानं मदतीला आली. न्यूयॉर्क राज्यात बफेलोला कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरी होती. तिथं विल्यम मिलिकन, लिओनार्ड सीगल आणि डेव्हिड व्हिटकम यांनी विमानाच्या स्थैर्याची समीकरणं मोटारीला लावली आणि १९५६ मध्ये लंडनला मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे ते शोधनिबंध मांडले. मिलिकन फक्त कागदावरचे अभियंते नव्हते. १९४८ मध्ये वॉटकिन्स ग्लेनच्या पहिल्या शर्यतीत त्यांनी आपली बुगाटी एका वळणावर उलटवली आणि त्या वळणाला त्यांचंच नाव पडलं. पुढे मुलासोबत त्यांनी शर्यतीच्या गाड्यांच्या गतिशास्त्रावर १९९५ मध्ये काढलेला ग्रंथ आजही या विषयात शिकणाऱ्यांच्या टेबलावर असतो.

आता मुख्य गाठ. सस्पेन्शन बदलून तोल का बदलतो? याचं उत्तर टायरच्या एका सवयीत आहे. टायरवर वजन वाढलं की पकड वाढते, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडत जाते. समजण्यासाठी गृहीत धरलेले आकडे घेऊ. एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांवर ३००-३०० किलो आहेत आणि त्या वजनाला टायर तेवढीच, म्हणजे ३०० किलोचीच पकड देतो. एकूण ६००. आता वळणात १५० किलो आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर गेले. बाहेर ४५० किलो, पण तिथं टायर फक्त ४०५ ची पकड देतो. आत १५० किलो, तिथं १६० ची. बेरीज ५६५. अ‍ॅक्सलवरचं वजन तेवढंच आहे, तरी ३५ किलोची पकड हरवली. ज्या अ‍ॅक्सलवर डाव्या-उजव्या चाकांत वजनाची तफावत जास्त, त्या अ‍ॅक्सलची पकड कमी. हे एकदा मनात बसलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

वळणात एकूण किती वजन एका बाजूला जाईल, हे स्प्रिंगवर जवळपास अवलंबून नसतं. ते गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवरून ठरतं. १००० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, चाकांत दीड मीटर अंतर आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट असेल, तर जवळजवळ २०० किलो आतून बाहेर जाणार. स्प्रिंग मऊ असो वा कडक, बार जाड असो वा बारीक, हे २०० किलो जाणारच. सस्पेन्शनच्या हातात एवढंच, की त्यातले पुढच्या अ‍ॅक्सलनं किती सोसायचे आणि मागच्यानं किती, याची वाटणी करायची. जो अ‍ॅक्सल झुकण्याला जास्त ताठ, त्याच्या वाट्याला जास्त. त्यामुळे पुढे बार जाड केला की अंडरस्टीअर वाढतो, मागे जाड केला की कमी होतो. गॅरेजमध्ये हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं, कारण कडक म्हणजे मजबूत आणि मजबूत म्हणजे पकड चांगली, अशी आपली समजूत असते.

सगळ्या साधनांत अँटी-रोल बार, आपल्याकडच्या बोलीत स्टॅबिलायझर बार, सर्वांत सोयीचा. दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर तो काहीच करत नाही, एक वर आणि एक खाली झालं तरच पिळला जातो. म्हणून खड्ड्यातला आराम फारसा न बिघडवता तोल बदलता येतो. पण त्याची ताकद जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. २० मिलिमीटरच्या जागी २२ चा बार घातला की ताठपणा ४६ टक्क्यांनी वाढतो. डोळ्याला दोन मिलिमीटर दिसतात, गाडीला जवळपास दीडपट होतं. हे न कळल्यामुळे बऱ्याच हौशी गाड्यांचे मागचे बार गरजेपेक्षा फार जाड झालेले मी पाहिले आहेत.

इथं एक मर्यादा आहे. मागचा बार कडक करत गेलात की एका वळणावर आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं. जुन्या गोल्फ जीटीआयचे, प्यूजो २०५ चे शर्यतीतले फोटो असे तीन चाकांवर धावताना दिसतात. त्या क्षणी मागच्या अ‍ॅक्सलवरचं सगळं वजन बाहेरच्या चाकावर गेलेलं असतं आणि यापुढे बार कितीही जाड केला तरी काही फरक पडत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत या अवस्थेचा एक फायदा असतो: पुढचं आतलं चाक जमिनीवर दाबून राहतं, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर ते वाया फिरत नाही.

‘पुढे बार जाड केला की अंडरस्टीअर वाढतो’ हा नियम पाठ करून चालत नाही, आणि या विषयात सर्वांत जास्त चुका इथंच होतात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी झुकली की बाहेरच्या चाकाचा वरचा भाग बाहेरच्या बाजूला कलतो आणि टायर रस्त्यावर सपाट न राहता कडेवर चालू लागतो. गाडी फार मऊ असेल तर हे नुकसान वजनाच्या वाटणीच्या नुकसानापेक्षाही मोठं असतं. अशा गाडीत पुढचा बार जाड केल्यावर झुकणं कमी होतं, टायर सपाट बसतो आणि अंडरस्टीअर उलट कमी होतो. गाडी खाली बसवणाऱ्यांना याची दुसरी बाजू भोवते. स्ट्रटची गाडी फार खाली घेतली की लोअर आर्म आडव्याच्या वर जातो, गाडी ज्या बिंदूभोवती झुकते ते रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली येतं आणि गाडी कमी झुकायच्या ऐवजी जास्त झुकायला बघते. मग तिला रोखायला आणखी कडक स्प्रिंग लागतात. खाली बसलेली गाडी चांगली वळते, ही समजूत शर्यतीच्या गाड्या पाहून तयार झाली आहे, पण त्यांचे आर्म त्या उंचीसाठीच आखलेले असतात.

बाकी साधनांवरून भरभर जातो. चाकाचा वरचा भाग आतल्या बाजूला कललेला म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर. तो थोडा दिला की त्या अ‍ॅक्सलची वळणातली पकड वाढते. रस्त्यावरच्या गाडीला एखादा अंश पुष्कळ, शर्यतीच्या गाडीला तीनपर्यंत देतात आणि टायरची आतली कड लवकर झिजणार हे मान्य करतात. मागच्या चाकांना थोडा टो-इन दिला, म्हणजे त्यांची पुढची टोकं किंचित आत वळवली, की गाडी स्थिर राहते, पुढच्यांना किंचित टो-आउट, म्हणजे याच्या उलट, दिला की वळणात चटकन शिरते. शॉक अ‍ॅब्झॉर्बरचा परिणाम फक्त बदलाच्या क्षणी असतो, वळणात शिरताना आणि बाहेर पडताना. वळणाच्या मध्यावर गाडी एका कोनात स्थिर झाली की शॉकअपचं काम संपलेलं असतं. त्यामुळे तक्रार वळणाच्या मध्यावरची असेल तर शॉकअप बदलून पैसेच जातात. वळण तीन भागांत पाहणं आणि तक्रार कुठल्या भागातली हे आधी ठरवणं, याला माझ्या मते पर्याय नाही. कित्येकदा मूळ रोग अंडरस्टीअर असतो आणि दिसतो ओव्हरस्टीअर: गाडी बाहेर ओढते म्हणून चालक स्टिअरिंग आणखी फिरवतो, मग घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे येतं, आधीच जास्त वळलेली पुढची चाकं अचानक पकडतात आणि शेपूट सुटतं. अशा गाडीचा मागचा भाग दुरुस्त करायला घेतला तर ती आणखी बिघडते.

बुशचा विषय लोक विसरतात. सस्पेन्शनच्या सांध्यांतले हे रबरी बुश वळणाच्या जोरानं दबतात आणि चाकाची दिशा अंशाच्या छोट्या भागानं बदलते. मागच्या चाकाच्या बाबतीत एवढं पुरे होतं. पोर्शनं १९७७ च्या ९२८ मध्ये मागच्या सस्पेन्शनची जोडणी अशी केली, की चालकानं वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर चाकं आपोआप किंचित आत वळावीत आणि शेपूट सावरावं. फोक्सवॅगननं दुसऱ्या पिढीच्या गोल्फमध्ये बुशच्या आकारातून हेच साधलं. नव्या गाडीत अभियंत्यांनी इतक्या नाजूक हातानं बसवलेली ही गोष्ट दीड लाख किलोमीटरनंतर सुकलेल्या, फाटलेल्या रबरात कशी राहणार?

पोर्शचा विषय निघाला म्हणून ९११ बद्दल. तिचंही इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे आणि सुरुवातीच्या गाड्यांचं शेपूट बेभरवशाचं. त्यावर कंपनीनं पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत सुमारे ११-११ किलोची वजनं घातली. पुढे १९६९ च्या मॉडेलसाठी मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली आणि एका बॅटरीऐवजी दोन छोट्या बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. आणखी बार किंवा स्प्रिंग नाही, वजनच जागेवरून हलवलं. मला हा उपाय फार प्रामाणिक वाटतो, कारण त्यात सशक्त टोकाची पकड काढून घेतलेली नाही, अशक्त टोकावरचा भार हलका केला आहे.

मागे इंजिन असलेल्या याच घराण्यातली एक गाडी आपल्या अंगणातली आहे. टाटा नॅनो २००८ च्या जानेवारीत दिल्लीत पहिल्यांदा दाखवली गेली आणि तिच्यामागे गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालचा पुण्याचा चमू होता. ६२४ सीसीचं इंजिन मागच्या सीटखाली, म्हणजे वजन मागे. नॅनोच्या पुढच्या आणि मागच्या टायरांचा आकार वेगळा होता: पुढे १३५ मिलिमीटर रुंद, मागे १५५. स्वस्तात स्वस्त गाडी करताना दोन आकारांचे टायर ठेवणं परवडण्यासारखं नसतं. एकच आकार ठेवला असता तर खरेदी सोपी झाली असती, स्टेपनीचा प्रश्नही सुटला असता. तरी चमूनं दोन आकार ठेवले, कारण मागे वजन असलेल्या गाडीला मागे जास्त टायर हवा आणि ही गोष्ट हवेच्या आकड्यावर सोडायची नव्हती. कॉर्व्हेअरच्या मालकपुस्तिकेपासून जवळपास पन्नास वर्षांनी त्याच प्रश्नाला दिलेलं हे उत्तर मला अधिक शहाणपणाचं वाटतं. नॅनोवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण तिच्या मागच्या टायरांच्या त्या २० मिलिमीटरचं कौतुक कुणी केलेलं मी वाचलेलं नाही.

रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या गाड्या कारखान्यातूनच थोड्या अंडरस्टीअरच्या बाजूला ठेवलेल्या असतात, आणि ते योग्यच आहे. हे तपासायला ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळावर गाडी हळूहळू वेग वाढवत फिरवतात आणि वेग वाढेल तसं स्टिअरिंग किती जास्त फिरवावं लागतं हे मोजतात. जास्त फिरवावं लागलं तर अंडरस्टीअर. पुण्यात वेताळ टेकडीवरची १९६६ ची एआरएआय किंवा इंदूरजवळ पीथमपूरचं ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकचं नॅट्रॅक्स यांसारख्या संस्था असलं काम करतात. अंडरस्टीअर करणारी गाडी घाबरलेल्या माणसाला माफ करते: त्यानं अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वेग कमी होतो आणि पुढची चाकं पुन्हा धरतात. ओव्हरस्टीअर करणाऱ्या गाडीला एक ठरावीक वेग असतो आणि त्याच्या पलीकडे ती सरळ रस्त्यावरही स्वतःहून सरळ राहू शकत नाही. चालकाला ती सतत सावरत बसावी लागते.

तरी मोठमोठ्या कंपन्या इथं चुकल्या आहेत. २१ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वीडनमधल्या ‘टेक्निकेन्स व्हेर्ल्ड’ या मासिकाच्या चाचणीत, रस्त्यात अचानक आलेला एल्क चुकवण्याच्या सरावात, मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली. कंपनीनं सुमारे १२ आठवडे गाड्या देणं थांबवलं, सस्पेन्शन आणि टायर बदलले आणि प्रत्येक गाडीत ईएसपी ही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था बसवली. त्यानंतर दोन वर्षांत ऑडीच्या टीटीवर अशीच पाळी आली. तिच्या मागे स्पॉयलर, जाड बार, कडक शॉकअप आणि ईएसपी देण्यात आलं. ही व्यवस्था बॉशनं १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणली होती. शेपूट सुटलं की ती बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावते, पुढचा भाग सुटला तर आतल्या मागच्या चाकाला, आणि गाडीला पुन्हा दिशेवर आणते. हिनं असंख्य जीव वाचवले आहेत आणि गाडी घेताना ती असलेलीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. पण ती पकड वाढवत नाही, आहे त्या पकडीचा वापर करते. टायर गुळगुळीत असेल तर तिच्याही हातात काही उरत नाही.

शर्यतीच्या जगात हा तोल दर फेरीला हलवतात. अमेरिकेच्या नॅस्कारमध्ये गाडी सतत डावीकडे वळत असते. चालक रेडिओवर ‘टाइट’ म्हणाला की अंडरस्टीअर, ‘लूज’ म्हणाला की ओव्हरस्टीअर. पिटमध्ये आल्यावर मेकॅनिक मागच्या काचेतून लांब पाना घालून एक स्क्रू फिरवतो. त्यानं कर्णातल्या दोन चाकांवरचं, उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या चाकावरचं वजन एकत्र वाढतं किंवा कमी होतं आणि गाडी टाइट किंवा लूज होते. इंडीकारमध्ये तर चालक धावतानाच कॉकपिटमधून बारचा ताठपणा आणि ओव्हल ट्रॅकवर उजव्या मागच्या कोपऱ्याची उंची बदलतो, कारण इंधन संपत आलं आणि टायर झिजले की सकाळी जुळवलेला तोल दुपारी राहत नाही. गो-कार्टला सस्पेन्शन नसतंच. कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्ट पळवणारी मुलं चौकटीच्या लवचिकपणाशी, चाकांमधल्या अंतराशी आणि कॅस्टरशी, म्हणजे पुढच्या चाकाच्या वळण्याच्या धुरीच्या कलाशी, खेळत असतात. दोन्ही मागची चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर असल्यामुळे आतलं मागचं चाक किंचित उचललं गेल्याशिवाय कार्ट वळतच नाही. हे शरीरानं शिकलेल्या मुलाला पुढे वजनाची वाटणी शिकवावी लागत नाही.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची मुलं ज्या स्पर्धेसाठी वर्षभर रात्री जागवतात, ती कोईमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत. तिच्यात स्किडपॅड नावाची एक परीक्षा असते. आठच्या आकड्यासारखी दोन वर्तुळं, आतला व्यास १५.२५ मीटर, बाहेरचा २१.२५, मध्ये तीन मीटरची वाट. आधी उजवीकडे, मग डावीकडे फिरायचं आणि वेळ मोजायचा. इथं इंजिनची ताकद कामी येत नाही. तोलच मोजला जातो. या मुलांना माझी एक विनंती आहे. अंडरस्टीअर दिसला की लगेच मागचा बार कडक करू नका. आधी पुढचा टायर का थकतोय ते शोधा: हवा, कॅम्बर, टायरचं तापमान, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चौकटीला घासतो का. मागची पकड मोडून साधलेला तोल हा तोलच असतो, पण गाडी एकूण हळू झालेली असते. घड्याळ ते लपवत नाही.

रस्त्यावर मात्र वेगळं चित्र दिसतं. इथं लोक तोल बदलतात आणि बदलला हे त्यांना कळत नाही. पाच माणसं बसल्यावर गाडी स्पीडब्रेकरला घासते म्हणून मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर घालून घेतात. बफरनं एक वेढा बंद पडतो. सहा वेढ्यांची स्प्रिंग पाच वेढ्यांची झाली की ती २० टक्के कडक होते. मागे कडक म्हणजे वजनाच्या वाटणीतला मोठा हिस्सा मागच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे कारखान्यानं विचारपूर्वक दिलेला अंडरस्टीअर त्या प्रमाणात कमी. स्प्रिंग कापून गाडी खाली करणारेही हेच करतात, फक्त त्यांच्यात स्प्रिंगचा प्रवासही संपतो आणि खड्ड्यात सस्पेन्शन तळाला टेकलं की त्या क्षणी ताठपणा एकदम अनेक पटींनी वाढतो. कोरड्या शहरी रस्त्यावर यातलं काही जाणवत नाही. जुलैत वरंध किंवा आंबोली घाटात, उतारावर, ओल्या शेवाळलेल्या वळणावर ते पहिल्यांदा दिसतं, आणि तिथं दुसरी संधी मिळेलच असं नसतं.

माझ्या बाबतीत ते ताम्हिणीत झालं. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी जुनी हॅचबॅक, ईएसपी नाही. दोन टायर झिजले म्हणून पावसाळ्याआधी दोनच नवे घेतले आणि दुकानात नेहमीच्या पद्धतीनं ते पुढे लागले. मागे झिजलेले, खोबणी अडीच मिलिमीटरच्या आसपास. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर, म्हणजे नियमात बसणारे. डोंगरवाडीच्या पुढे उतारावर एका डाव्या वळणात पाणी साचलेलं होतं. पुढच्या नव्या टायरांनी ते कापलं, त्यामुळे हाताला सगळं ठीक वाटत होतं. मागचे टायर पाण्यावर चढले आणि गाडी आडवी झाली. समोरून कुणी आलं नाही, म्हणून मी हे लिहितो आहे. बायको आणि मुलगा गाडीत होते. मी वीस वर्षं या विषयावर वाचत होतो आणि ज्या एका गोष्टीनं तोल सर्वांत जास्त बदलतो ती दुकानात उभा राहून होऊ दिली.

नवे दोन टायर नेहमी मागे लावावेत, गाडी कुठल्याही चाकांवर चालत असो, असं टायर कंपन्या सांगतात. पुढचा टायर पाण्यावर चढला तर स्टिअरिंग हलकं पडून हाताला कळतं आणि वेग कमी केला की पकड परत येते. मागचा चढला तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ही सस्पेन्शनची जुळवणीच आहे, आणि तिला एक रुपयाही जास्त लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याच दुकानात जाऊन नवे टायर मागे घ्यायला सांगितले. तिथला पोरगा म्हणाला, “पुढची चाकं गाडी ओढतात, काका. नवीन पुढंच लागतात.” मी त्याला पाण्याचं आणि शेपटाचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, जॅक लावला, चाकं बदलली. मग पुढच्या दोन टायरांत हवा भरली, नळी ओढत मागे आला आणि व्हॉल्व्हची टोपी काढण्याआधी थांबून त्यानं विचारलं, “मागं किती?” मी ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचा कागद त्याला दाखवला.